सरोवराकाठची सामायिक छपरं

फ्रँक लॉइड राइटनं आखलेली पाच उन्हाळी घरं विस्कॉन्सिनमधल्या डेलाव्हन सरोवराच्या दक्षिण काठावर अजून उभी आहेत. शिकागोहून मोटारीनं दीड-दोन तासांत तिथं पोचता येतं. घरं खासगी आहेत. आत जाता येत नाही. रस्त्यावरून, झाडांच्या फटींतून जेवढं दिसेल तेवढं बघायचं आणि पुढं व्हायचं. त्यांना जीव लावणारे मालक मिळाले आहेत, त्यांच्यावर लिहून झालं आहे, अभ्यासक येऊन त्यांच्या फळ्या मोजून गेले आहेत. त्या घरांना श्रद्धांजलीची गरज नाही.

गरज आहे ती त्यांच्या आसपासच्या दुसऱ्या वास्तूंना. त्याही राइटच्याच, त्याही उन्हाळ्यापुरत्याच, पण चारचौघांनी मिळून वापरायच्या. नौकाघरं, यॉट क्लब, हॉटेल, भोजनगृह, मंडप. हवापालटाला आलेली माणसं जिथं एकमेकांना भेटायची, त्या जागा. त्या जवळजवळ सगळ्या गेल्या. काही पाडल्या, काही जळल्या, काहींकडे कुणी लक्षच दिलं नाही. एकाच वास्तुकारानं साधारण एकाच काळात, एकाच लाकूड-दगडाच्या भाषेत केलेलं हे काम. त्यातलं ज्याच्यात्याच्या मालकीचं होतं ते टिकलं आणि सगळ्यांचं मिळून होतं ते संपलं. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

आधी तो उन्हाळा समजून घ्यायला हवा. १९०० साली शिकागोची लोकसंख्या सतरा लाखांच्या आसपास होती. कोळशाचा धूर, दक्षिणेकडून वारा सुटला की कत्तलखान्यांचा वास, आणि जुलै-ऑगस्टमधला दमट उकाडा. ऐपत असलेली कुटुंबं जूनमध्ये शाळा सुटल्या की शहर सोडत. बायका, मुलं, स्वयंपाकीण, ट्रंका, कुत्री असा सगळा संसार आगगाडीत चढे आणि उत्तरेकडच्या एखाद्या सरोवराच्या काठी उतरे. यजमान शहरातच राहत. ते शनिवारी कचेरी आटोपून गाडी धरत, रविवार पाण्यावर घालवत आणि सोमवारी पुन्हा कामावर. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी कामगार दिनाची सुट्टी झाली की खिडक्यांना फळ्या ठोकून घरं बंद. मुंबई इलाख्याचं सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरला मुक्काम हलवी, तसा हा मध्यमवर्गाच्या वरच्या थराचा मुक्काम. फरक एवढाच, की सरकार फायली घेऊन जाई आणि हे लोक वल्ही घेऊन.

सगळ्यांत श्रीमंत लोक जात जिनिव्हा सरोवरावर. ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागो जळालं, त्याच वर्षी लेक जिनिव्हा गावापर्यंत रेल्वे पोचली. बेघर झालेली काही धनिक कुटुंबं शहर पुन्हा उभं राहीपर्यंत तिथंच जाऊन राहिली आणि नंतर त्यांनी तिथं मोठमोठे वाडे बांधले. पश्चिमेला थोड्या अंतरावरचं डेलाव्हन त्या मानानं साधं. पोटापाण्याचा उद्योग करणारे, बढती मिळालेले, पण वाडा बांधण्याइतके न माजलेले लोक डेलाव्हनला येत.

डेलाव्हन गावाची त्याआधीची ओळख वेगळीच होती. १८४७ साली मेबी बंधूंनी आपली सर्कस हिवाळी मुक्कामासाठी इथं आणली आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं एकामागून एक सर्कशी इथं थंडी काढत राहिल्या. पी. टी. बार्नमच्या नावानं गाजलेली सर्कस १८७१ मध्ये उभी केली तीही इथल्याच दोघा सर्कसवाल्यांनी. ज्युलिएट नावाची एक हत्तीण ऐन हिवाळ्यात मेली. जमीन दगडासारखी गोठलेली, पुरायची कुठं? तिला ओढत सरोवराच्या बर्फावर नेऊन ठेवलं, वसंतात बर्फ वितळला आणि ती तळाशी गेली, असं तिथं सांगतात. तेव्हा शिकागोची मंडळी स्वच्छ हवा खायला आली ते पाणी काही फार सोवळं नव्हतं.

१९०० साली राइट तेहतीस वर्षांचा होता. शिकागोच्या ओक पार्क उपनगरात त्याचं घर आणि त्याला जोडून कचेरी. गिऱ्हाइकं ओळखीतून येत. ओक पार्कच्याच हेन्री वॉलिसनं डेलाव्हनच्या काठावर जमीन घेतली होती, तिथून हे काम सुरू झालं. वॉलिसचं घर, मग फ्रेड जोन्सचं, १९०२ मध्ये चार्ल्स रॉसचं आणि जॉर्ज स्पेन्सरचं, १९०५ मध्ये ए. पी. जॉन्सनचं. शहरात राइट विटा, गिलावा, रंगीत काच यांचे प्रयोग करत होता. इथं पैसा कमी आणि मुक्काम थोडे दिवसांचा, म्हणून लाकूड. भिंतीवर रुंद फळ्या आडव्या बसवायच्या आणि सांध्यांवर बारीक पट्ट्या मारायच्या. साधी सुतारकामाची युक्ती. पण त्या पट्ट्यांच्या आडव्या रेघांमुळे घर जमिनीवर पसरल्यासारखं दिसतं आणि नजर त्या रेघांवरून थेट पाण्याकडे जाते. पुढं अमेरिकेच्या सपाट माळरानाचं नाव मिळालेली त्याची जी शैली प्रसिद्ध झाली, तिचा पुष्कळसा सराव असा स्वस्तातल्या उन्हाळी लाकडावर झाला आहे.

जॉन्सनच्या घराची एक गोष्ट तिथं ऐकायला मिळते. काम कुठवर आलं बघायला राइट निघाला, लांबूनच त्याला दिसलं की मालकानं घर पांढरं रंगवलं आहे, आणि तो तिथूनच माघारी फिरला तो पुन्हा कधी आलाच नाही. खरीखोटी देव जाणे. राइटच्या बाबतीत अशा गोष्टी इतक्या आहेत, की त्याचा स्वभाव या गोष्टींना शोभेसा होता एवढंच त्यांतून सिद्ध होतं.

या पाचांत सगळ्यांत मोठं घर एकट्या माणसाचं होतं. फ्रेड जोन्स अविवाहित. रेल्वेचे कंदील बनवणाऱ्या अॅडम्स अँड वेस्टलेक कंपनीत वरच्या हुद्द्यावर. त्यानं आपल्या जागेला पेनवर्न असं वेल्श नाव दिलं आणि राइटकडून तिथं चार वास्तू करून घेतल्या: मुख्य घर, फाटकाजवळचं घर, तबेला आणि पाण्यालगतचं नौकाघर. मुख्य घराच्या व्हरांड्याला पाण्याच्या बाजूनं रुंद, ठेंगण्या कमानी आहेत. राइटनं नंतरच्या घरांत कमानी फारशा वापरल्या नाहीत, म्हणून त्या बघायला विशेष वाटतात. घराला जोडून एक बुरुज आहे, तिथं जोन्स आणि त्याचे दोस्त पोकर खेळत बसत म्हणे. या माणसाला बायकामुलं नव्हती, पण पाहुणे भरपूर होते, आणि हे घर पाहुण्यांसाठी आखलेलं आहे हे त्याच्या नकाशावरूनही कळतं. नौकाघर तर उघडउघड त्याचसाठी. खाली गोल दगडांच्या भिंतींआड होड्या, वर बसायला उघडा मंडप. सरोवरातून येणारा माणूस आधी तिथं लागे, मग घराकडे चढे. जोन्स १९३३ मध्ये गेला.

हे नौकाघर १९७८ मध्ये जळून गेलं.

या पाच घरांखेरीज डेलाव्हनच्या काठावर राइटचं सहावं कामही होतं. १९०२च्या सुमाराचं, यॉट क्लबचं. पाच घरांतले लोक आणि त्यांचे शेजारी तिथं भेटत. शिडांच्या होड्यांच्या शर्यती तिथून सुटत आणि निकालाच्या संध्याकाळी तिथंच जमणं होई. खासगी घरात माणूस कुणाला बोलवायचं ते ठरवतो. क्लबात मात्र ज्याच्याशी दुपारी वळणावरून भांडण झालं, त्याच्याच शेजारी रात्री जेवायला बसावं लागतं. काठावरच्या विखुरलेल्या घरांचं गाव होतं ते अशा जागेमुळे. हे क्लबघर पाडलं गेलं. संस्था पुढं चालत राहिली, शर्यतीही. पण राइटनं तिच्यावर घातलेलं छप्पर गेलं, आणि पाच घरांच्या कौतुकात हे सहावं नाव आज तळटीप म्हणूनच येतं.

मागं वळून पाहिलं, तर ही रीत आधीपासूनची दिसते. राइट वाढला विस्कॉन्सिनमधल्याच मॅडिसनला, मेंडोटा सरोवराजवळ. १८९३ मध्ये, सव्वीस वर्षांचा असताना, त्या सरोवरावरच्या सार्वजनिक नौकाघराची स्पर्धा त्यानं जिंकली. पाण्याकडे तोंड केलेल्या कमानी, दोन्ही अंगांना मनोरे. गावातल्या कुणीही येऊन होडी ठेवावी असं ते ठिकाण. स्वतःच्या गावात, स्वतःच्या लहानपणीच्या पाण्यावर केलेली त्याची ही पहिली वास्तू १९२६ मध्ये पाडली. तेव्हा राइट जिवंत होता, एकोणसाठ वर्षांचा होता, आणि तिथून तासाभराच्या वाटेवर त्याचं टॅलिएसिन नावाचं घर होतं.

पण सगळ्यांत मोठी हळहळ वाटते ती जिनिव्हा हॉटेलची.

१९०९च्या शरदात राइट बायको आणि सहा मुलांना सोडून एका गिऱ्हाइकाच्या बायकोबरोबर युरोपला निघून गेला. परत आला तेव्हा ओक पार्कच्या भल्या घरांतून त्याला काम मिळणं अवघड झालं होतं. अशा वेळी आर्थर रिचर्ड्स आणि जॉन विल्यम्स या दोघांनी त्याच्याकडे लेक जिनिव्हा गावातल्या हॉटेलचं काम दिलं. धंदेवाइकांना गिऱ्हाइकाच्या नीतीशी घेणंदेणं असतं, वास्तुकाराच्या नाही. १९१२ मध्ये हॉटेल उभं राहिलं. सरोवरातून नदी निघते त्या कोपऱ्यावर, गावाच्या अगदी मध्यात. लांबच लांब आणि ठेंगणं. मधोमध दालन, त्यात भलीमोठी शेकोटी, बाजूंना पसरलेल्या खोल्यांच्या ओळी, आणि खिडक्यांत ट्युलिपच्या आकाराची नक्षी असलेली रंगीत काच.

या हॉटेलात महत्त्वाचं काय होतं? जिनिव्हा सरोवराभोवती तेव्हा वाड्यांचा वेढा पडला होता. ज्याचा वाडा नाही, त्याला पाण्याकडे बघत चार दिवस राहायचं तर हॉटेलच. दुकानदार, शाळामास्तर, नवी जोडपी यांना राइटनं आखलेल्या छताखाली झोपायची तिथली ही एकमेव सोय. त्याची बाकी सगळी उन्हाळी घरं एकेका कुटुंबाची. इथं मात्र एका रात्रीचं भाडं भरलं की त्याची शेकोटी तुमची, त्याच्या काचेतून पडणारं ऊन तुमच्या ताटात. वास्तुकलेच्या इतिहासात ही गोष्ट फारशी मोजत नाहीत. मला ती मोजावीशी वाटते.

हॉटेल अठ्ठावन्न वर्षं चाललं. मोटारी आल्या तसा महिनाभराचा मुक्काम आठवड्याचा झाला आणि आठवड्याचा शनिवार-रविवारचा. रस्त्याकडेच्या मोटेलात गाडी खोलीच्या दारापर्यंत जाते; जुन्या हॉटेलात जात नाही.  मालक बदलत गेले, देखभाल थांबली, आणि १९७० मध्ये जिनिव्हा हॉटेल पाडून तिथं सदनिकांची उंच इमारत बांधली. आडव्या रेघेच्या जागी उभी रेघ.

यातला एक भाग तर रडावं की हसावं असा. दोनच वर्षं आधी, १९६८ मध्ये, गावाबाहेर प्लेबॉय कंपनीचं प्रचंड क्लब-हॉटेल उघडलं होतं, आणि त्याचा आराखडा राइटच्या धाटणीवर बेतलेला होता. लांब आडव्या रेषा, जमिनीला चिकटून बसलेली छपरं. म्हणजे राइटची नक्कल गावाबाहेर तेजीत होती आणि गावाच्या मध्यात अस्सल पडत होतं. ते प्लेबॉयचं हॉटेल नाव बदलून आजही चालू आहे. जिनिव्हा हॉटेलच्या ट्युलिपच्या नक्षीचे छोटे काचेचे तुकडे, नव्यानं बनवलेले, संग्रहालयांच्या दुकानांत भेटवस्तू म्हणून विकले जातात. शिकागोच्या उपनगरांतली पुष्कळ मराठी कुटुंबं उन्हाळ्यात लेक जिनिव्हाला जातात, बोटीची फेरी करतात, आइस्क्रीम खातात. ती ज्या चौकात उभी राहतात तिथून हॉटेलची जागा काही पावलांवर आहे. त्यांना हे माहीत नसलं तर त्यात त्यांची चूक नाही. तिथं सांगायला काही उरलेलंच नाही.

जिनिव्हाच्या काठाची एक सामायिक गोष्ट मात्र टिकली. सरोवराला वळसा घालणारी वीसेक मैलांची पायवाट. वाड्यांच्या हिरवळीतून, अगदी त्यांच्या धक्क्यांना खेटून ती जाते, आणि कुणीही तिच्यावरून चालू शकतं. प्रत्येक मालकानं आपल्या हद्दीतला तुकडा आपल्या पसंतीनं बांधला आहे, त्यामुळे पायाखाली कधी विटा, कधी खडी, कधी फळ्या. ही वाट पोटावाटोमी या मूलनिवासी लोकांची. शिकागोकर यायच्या आधी ती होती. वाट ज्यांच्या पायांनी पडली त्यांना १८३६ मध्ये तिथून पश्चिमेला हाकललं गेलं.

आता थोडं दूर, मोंटानात. तिथली गोष्ट या सगळ्याचं टोक आहे.

बिटररूट खोऱ्यात कोमो नावाचं सरोवर आहे. इटलीतल्या सरोवराचं नाव रॉकी पर्वतातल्या पाण्याला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथं बांध घालून एक मोठा कालवा काढला गेला, आणि शिकागोच्या भांडवलदारांनी कालव्याखालची जमीन सफरचंदांच्या बागांसाठी विकायला काढली. गिऱ्हाईक ठरवलं तेही हुशारीनं: विद्यापीठातले प्राध्यापक. दहा एकराची बाग घ्या, वर्षभर कंपनी ती राखेल, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही येऊन डोंगरात राहा, झाडं मोठी झाली की उत्पन्न खा. डार्बी गावाजवळच्या या वसाहतीचं नाव कोमो ऑर्चर्ड्स. तिचा आराखडा १९०९ मध्ये राइटकडे आला, युरोपला पळायच्या काही महिने आधी.

त्यानं मधोमध मोठं क्लबघर आखलं आणि त्याच्याभोवती उतारावर पन्नासच्या वर छोट्या लाकडी कुट्या. त्यांतल्या बहुतेक कुट्यांना स्वयंपाकघरच नव्हतं. जेवण सगळ्यांनी क्लबघरात, एकत्र. सकाळी न्याहारीला शेजारचा रसायनशास्त्राचा प्राध्यापक, रात्री भाषाशास्त्राचा. सुट्टीवर आलेल्या विद्वानांना एकत्र जेवायला लावणं ही कल्पना ज्याला सुचली, त्याला विद्वानांचा अनुभव कितपत होता कोण जाणे. तरी ही कल्पना मोठी होती. घर म्हणजे झोपायची आणि लिहायची जागा. चूल, गप्पा, पाऊस पडला तर बसायची जागा, हे सगळं सामायिक. राइटनं उन्हाळी जगण्याला याहून धीट आकार दुसरीकडे कुठं दिलेला नाही.

क्लबघर बांधलं गेलं. कुट्या डझनभर झाल्या. मग सगळं फिसकटलं. झाडं फळायला वर्षं लागतात आणि कर्जाचं व्याज दर महिन्याला लागतं. सफरचंदाच्या बाजारानं साथ दिली नाही. १९१६ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. जाहिरातीत न लिहिलेली एक गोष्टही होती. या खोऱ्यात गोचिडीच्या चाव्यानं एक जीवघेणा ताप येत असे, अंगावर ठिपके उठत आणि माणूस दगावे. गोचीडच हा ताप पसरवते हे सिद्ध केलं हॉवर्ड रिकेट्स या शास्त्रज्ञानं, आणि तोही शिकागो विद्यापीठाचाच. म्हणजे एक सहकारी त्या खोऱ्यात मरणाचं कारण शोधत होता, आणि बाकीच्यांना त्याच खोऱ्यात उन्हाळी बागा विकल्या जात होत्या. जमीन विकणाऱ्यांना या तापाचा बोभाटा नको होता. रिकेट्स १९१० मध्ये मेक्सिकोत टायफसवर संशोधन करताना त्याच रोगानं गेला.

क्लबघर पुढं पाडलं. ते गेल्यावर स्वयंपाकघर नसलेल्या कुट्यांना अर्थच उरला नाही. राहायला आलेला माणूस जेवणार कुठं? एकेक करून त्याही गेल्या, मोजून एक-दोन लहान वास्तू राहिल्या. सामायिक छप्पर आधी जातं आणि त्याच्या आधारानं उभं असलेलं खासगी छप्परही मागून जातं, ते डार्बीला स्पष्ट दिसतं. डेलाव्हनची घरं वाचली, कारण त्यांना आपापली चूल होती.

कॅनडात बॅन्फला राइटनं केलेला सार्वजनिक मंडप १९१४ मध्ये उघडला आणि १९३८च्या सुमाराला पाडला गेला. नदीकाठच्या ओल्या जमिनीनं आणि गोठणाऱ्या-वितळणाऱ्या मातीनं त्याचा पाया खाल्ला होता. शिकागोतल्या त्याच्या मिडवे गार्डन्स या बागेतल्या करमणूक-वास्तूला पंधरा वर्षंच मिळाली. टोकियोचं इंपीरियल हॉटेल १९६८ मध्ये पाडलं. सरोवर असो, नदी असो की शहर, माणसांनी मिळून मौज करण्यासाठी राइटनं जे बांधलं, त्यातल्या पुष्कळशाला आयुष्य कमी होतं.

कारणं शोधायला फार खोल जावं लागत नाही. घराला एक वेडा मालक पुरतो. तो नफ्यातोट्याचा विचार न करता छप्पर बदलतो, जुन्या फळीसारखी फळी हुडकत हिंडतो, बायकोची बोलणी खातो. क्लबाला किंवा हॉटेलला असा मालक नसतो. तिथं समिती असते, भागीदार असतात, दरसाल ताळेबंद असतो, आणि ताळेबंदात सौंदर्याचा रकाना नसतो. शिवाय घर बदलून घेता येतं. डेलाव्हनच्या घरांना नंतर ऊब आणणारी यंत्रं बसली, भिंतींत भराव आला, उन्हाळी घरं बारमाही झाली. तीन महिन्यांचा क्लब बारमाही होत नाही. होऊन करणार काय? लोक शनिवारी येतात आणि रविवारी जातात. आलेला माणूस आपल्याच धक्क्यावर बसून आपल्याच शेगडीवर मांस भाजतो.

इथं एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर ही श्रद्धांजली खोटी होईल. सामायिक म्हणजे सर्वांचं नव्हतं. त्या काळच्या अमेरिकेत कित्येक क्लबांना आणि हॉटेलांना ज्यू पाहुणे चालत नसत, काळ्या लोकांना तर दारातूनच परत लावत. मिशिगनमध्ये आयडलवाइल्ड हे काळ्या कुटुंबांचं सरोवरकाठचं उन्हाळी गाव १९१२ मध्ये, म्हणजे जिनिव्हा हॉटेल उभं राहिलं त्याच वर्षी, सुरू झालं, ते उगाच नाही. आणि उन्हाळी घरांत निवांत बसलेल्यांच्या मागं स्वयंपाकिणी आणि मोलकरणी होत्या, त्यांच्या वाट्याला उन्हाळा आला नाही, फक्त दुसरं स्वयंपाकघर आलं. ही छपरं छोट्या वर्तुळाची होती. तरी ती कुटुंबापेक्षा मोठ्या वर्तुळाची होती, आणि आज तेवढंही उरलेलं नाही.

मॅडिसनकरांनी उशिरा का होईना थोडी भरपाई केली. मोनोना सरोवरावर मोठी सार्वजनिक वास्तू बांधावी असा राइटचा प्रस्ताव १९३८चा. त्यावर इतकी वर्षं भांडणं चालली, की राइट १९५९ मध्ये गेला तरी ती झाली नाही. अखेर १९९७ मध्ये मोनोना टेरेस उघडलं. आतली रचना पुष्कळ बदलली आहे आणि शुद्धतावादी नाकं मुरडतात. पण गच्चीवर कुणीही चढू शकतं, पाण्याकडे बघत डबा खाऊ शकतं, आणि १९२६ साली पाडलेल्या नौकाघराचं हेच तर काम होतं.

डेलाव्हनला जोन्सच्या पेनवर्नच्या नंतरच्या मालकांनी मोठ्या निष्ठेनं ती जागा सांभाळली. त्यांनी २००५ मध्ये राइटच्या आराखड्यांवरून जळलेलं नौकाघर पुन्हा बांधलं. नव्यानं बांधलेल्याला राइटचं म्हणायचं का, यावर जाणकार वाद घालतात. मला तो वाद नीरस वाटतो. आराखडा त्याचा, जागा तीच, पाणी तेच. लाकूड तर जुन्या घरांतही पाच-सहा वेळा बदललेलं असतं. मला अडतं ते दुसरीकडे. नौकाघर परत आलं, पण ते ज्यांच्यासाठी होतं ते पाहुण्यांचे जथे परत आले नाहीत, आणि ते आणणं कोणत्याही मालकाच्या हातात नाही.

खुद्द सरोवरही मध्यंतरी मरणाच्या दारात होतं. शेतांतलं खत आणि गावांचं सांडपाणी वर्षानुवर्षं पाण्यात उतरत राहिलं, शेवाळानं पाणी हिरवं आणि दुर्गंधीयुक्त झालं, गढूळपणा वाढवणारे कार्प मासे माजले. १९८९ मध्ये काठावरच्या लोकांनी, सरकारी खात्यांनी आणि शास्त्रज्ञांनी मिळून एक टोकाचा निर्णय घेतला. पाण्याची पातळी उतरवली, विष घालून सरोवरातले सगळे मासे मारले, नवे मासे सोडले, तळातल्या फॉस्फरसला बांधून ठेवायला तुरटी टाकली. पाणी सुधारलं. ज्यांची घरं राइटची आहेत त्यांनाही, ज्यांची साधी आहेत त्यांनाही, हे एकट्यानं करता आलं नसतं. काठावरची माणसं शंभर वर्षांत एवढ्या मोठ्या कामासाठी एकत्र आली ती मासे मारायला, हे सर्कसवाल्यांच्या गावाला शोभण्यासारखंच.

तेव्हा पाणी आहे, यॉट क्लब आहे, शर्यतीही होतात. पैसेवाल्यांची त्या काठावर वाण नाही, आणि जळलेल्या नौकाघरानं दाखवून दिलं आहे की राइटचं छप्पर पुन्हा घालता येतं. कुणाला हौस असेल तर १९०२चं क्लबघर बांधायला घ्यावं. पहिला प्रश्न जागेचा येईल. आपल्या घरापुढचा काठ त्यासाठी कोण सोडणार, हे त्या पाच घरांच्या आणि बाकीच्या शेकडो घरांच्या मालकांनी ठरवायचं आहे.